नाताळची पंगत आणि लक्ष्मीबाई टिळक

नाताळ समीप आला म्हणजे आमच्या घरोघरी करंज्या, शेवचिवडा व जेवणाचा बेत सुरू होतो. खेड्यांतून पोटासाठी मुंबईस गेलेली आमची माणसे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी येथील लहानशा जागेतही आप्तांची पंगत मांडितात. काय रांधावे हा विचार पुष्कळ होतो. कोणास बसवावे हा थोडा होतो. या दुसऱ्या विचारास कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र फार उपयोगी आहे असे आम्हांस वाटते.

बाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्यावाचून ते घरात घेत नसत. विटाळाच्या या धाकातच मुलगी वाढली. १८८० साली नारायण वामन टिळक यांच्याशी तिचा विवाह झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी बाई पतीकडे परतल्या खऱ्या, परंतु आपले अन्नपाणी निराळेच ठेवीत. संसार एक व चुली दोन, ही स्थिती उभयतांस किती दुःखाची झाली असेल!

पुढे जातिभेद देवाने केला की मनुष्याने, याचा बाईंनी आपल्या मनाशीच विचार केला. तो मनुष्यकृत आहे असे ठरताच कोणाच्याही हातचे खाण्याचा त्यांनी निश्चय केला. हे बाप्तिस्म्यापूर्वीच घडले; बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला.

मग त्यांचे घर सर्वांस मोकळे झाले. टिळकांचा हात सढळ, मिळकत बेताची. पाहुणा केव्हा येईल याचा नेम नसे. तरी बाईंनी परक्या लेकरांस पोटच्यांप्रमाणे जेवू घातले. हिंदू असलेले बालकवी ठोंबरे नगरास त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१९ साली टिळक निवर्तले. बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून आपली हकीगत सर्व महाराष्ट्रास सांगितली, व १९३६ साली त्याही गेल्या.

बंधुभगिनींनो, बाप्तिस्मा झाला तरी पंगतीत जुनी जात डोकावते, हे आमच्या उपदेशकांस ठाऊक आहे. दुसऱ्यास वाढणे सोपे. त्याच्या हातचे खाणे कठीण, आणि बाईंनी आरंभ केला तो तेथूनच. येत्या नाताळी, ज्या घरचे पाणी आपण कधी घेतले नाही, त्या घरास जेवावयास बोलवावे; आणि त्यांनी बोलाविल्यास मुलाबाळांसह त्यांच्याकडेही जेवावयास जावे.