हातावरची भाकर

सॅण्डविच या खाद्याला अठराव्या शतकांतील एका इंग्रज उमरावाचें नांव मिळालें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. पावाच्या दोन कापांत कांहीं घालून हातांतल्या हातांत खावें; ताट नको, सुरी नको. परंतु अशाच रीतीनें ज्यानें अर्धें शतक जेवण केलें, असा पुरुष आमच्या वऱ्हाडांतच होऊन गेला.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं परीट कुटुंबांत झाला. दारूनें बापाचा संसार बुडविला व अखेर प्राणही घेतला. आई सखूबाई लेकरास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें या माहेरीं आली. तेथें डेबूनें गुरें राखलीं, नांगर धरला, आणि मामाची शेतीवाडी सावकाराच्या घशांत जातांना पाहिली. पुढें मुलीच्या बारशास जातभाईंना मांस व दारू द्यावी असा रिवाज असतां त्यांनीं गोड जेवण वाढलें. बापाचें मरण ते विसरले नव्हते.

१९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, हातांत मातीचें गाडगें; त्यावरूनच लोक त्यांस गाडगे महाराज म्हणूं लागले. गांवांत शिरतांच ते प्रथम खराटा घेऊन रस्ते झाडीत, आणि मग भाकर मागत. मिळेल ती चटणी, मिळेल तो कांदा भाकरीवर घेऊन तेथेंच खात. कामावांचून घांस नको, हा त्यांचा बाणा.

ही भाकर आमच्या मुलांनीं, मुलग्यांनींसुद्धां, घरीं करून पाहावी. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो; म्हणून तें कढत पाण्यानें भिजवून तळहातानें पुष्कळ मळावें, नाहीं तर कडा चिरतात. परातींत पीठ पसरून गोळा थापावा, तव्यावर टाकतांच वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकूं लागतांच उलटावी, आणि शेवटीं निखाऱ्यावर फुगूं द्यावी. वाफ निवल्यावर पापुद्रा सोडवून आंत जवसाची चटणी, तेलाची धार आणि चिरलेला कांदा घालावा. कोरडा झुणकाही चालेल. दुपारच्या सुटीपर्यंत ही भाकर बिघडत नाहीं. शिळ्या पिठाची मात्र करूं नये. ती थापतांनाच मोडते.

स्वतः हातावर खाणाऱ्या या माणसानें इतरांसाठीं मात्र पक्क्या इमारती उभ्या केल्या. पंढरपुरास १९१७ सालीं अस्पृश्य यात्रेकरूंसाठीं चोखामेळा धर्मशाळा झाली. नाशिक, देहू, आळंदी येथेंही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापुरास गोरक्षण निघालें. लाखोंचा पैसा हातांतून गेला, पण पत्नी कुंताबाई झोंपडींतच राहिल्या. संस्थांच्या कारभारांत आप्तांस जागाच नव्हती. हा निर्धार आम्हांस थोर वाटतो, आणि कुंताबाईंचा विचार केला म्हणजे कठोरही वाटतो. चरित्रें लिहिणारे त्यांच्याविषयीं फार थोडें बोलतात.

२० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे येतांना वलगांवनजीक पेढी नदीपाशीं मोटारींतच त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि अमरावतींत आहे. त्या वस्तीस आतां गाडगेनगर म्हणतात.