राजर्षी शाहू छत्रपती आणि आपले शिक्षण



आज आपण आपल्या मुलामुलींची नावे शाळेच्या पटावर सहज घालतो. या सोयीमागे ज्या थोर पुरुषांचे कष्ट आहेत, त्यांत कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती अग्रभागी आहेत. त्यांच्या चरित्रात आपणा सर्वांना घेण्यासारखा एक धडा आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा त्यांनी विशीही पूर्ण केली नव्हती. दरबारातील बहुतेक जागा एकाच वर्गाकडे आहेत आणि बाकीची रयत कचेरीच्या बाहेर उभी आहे, हे त्यांनी पाहिले.

२६ जुलै १९०२ रोजी महाराजांचा हुकूम प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते स्वतः विलायतेत होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो हुकूम होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्वांचा त्यात समावेश होता; म्हणजे मुसलमानांचाही. या हुकमावर टीका पुष्कळ झाली. परंतु तो राजाचा हुकूम असल्याने लगेच लागू झाला.

आता आपण क्षणभर विचार करा. हुकूम एका दिवसात निघाला, पण त्या जागांवर बसण्याइतकी शिकलेली मुले कोठून आणायची? ती काही एका दिवसात तयार होत नाहीत. महाराजांना हे ठाऊक होते. हुकमाच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली. १९०६ साली मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा महाराजांनी तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. खेड्यातील गरीब मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय मिळाली, तरच हुकमाचा त्याला उपयोग, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच काळात इंग्रजी मुलुखात काय चालले होते? आपले नीरेकाठचे अकलूज सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होते. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते. स्थानिक संस्थांनी इच्छा असेल तरच सक्ती करावी, एवढेच त्यात होते. खर्च कोणी सोसायचा, लोक तयार आहेत का, अशा शंका निघत गेल्या आणि १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

कोल्हापुरात मात्र १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१८ साली चिखली गावी या योजनेतील शाळा उघडली. विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, स्त्रियांचा छळ, महार वतन अशा प्रश्नांवरही १९१७ ते १९२० या थोड्या वर्षांत कायदे झाले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, महाराजांचे मुंबईत निधन झाले.

एका सहीने होणाऱ्या कायद्यात धोका असतो, हेही आपण लक्षात ठेवावे. चांगला राजा चांगला हुकूम काढील. दुसरा तो मागे घेईल. शिवाय ज्यांना दंड भरायचा, त्या गरीब मजुरांना कोणी विचारले नव्हते. म्हणून लोकांनी निवडलेली सभा, चर्चा, मतदान हाच खरा मार्ग होय. पण चर्चेच्या नावाखाली एक पिढी निरक्षर राहते, ही किंमतही लहान नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा देशाचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकाला तोवर ९९ वर्षे झाली होती!

पालकहो, कायदा आता झाला आहे, दंडाची भीती नको. परंतु ऊसतोडीच्या हंगामात मुलगा शाळेतून काढला जातो, सातवीनंतर मुलगी घरी बसवली जाते, तेव्हा कोणताही कायदा तेथे पोहोचत नाही. तेथे फक्त आपण पोहोचू शकता. विद्यार्थी मित्रहो, आपल्यासाठी राखलेली जागा आपली वाट पाहत आहे. तिला योग्य होणे आपल्या हाती आहे.