कमला सोहोनी : प्रयोगशाळेचं दार उघडणारी मुलगी



दहावीचा निकाल लागला की आमच्या धरणगावात माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे पालक हमखास विचारायला येतात, मुलीला सायन्सला घालायचं की नाही? अशा वेळी मी त्यांना कमलाबाईंची गोष्ट सांगते. तुम्हीही वर्गात नक्की सांगा.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला! कमलाबाई मात्र हटल्या नाहीत, सत्याग्रहच मांडला. शेवटी एक वर्ष परीक्षा पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. हा अपमान त्यांना आयुष्यभर बोचला. पण वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की, पेशींच्या श्वसनासाठी लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं. अवघ्या ४० पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

त्यांचा विषय होता जीवरसायनशास्त्र, त्यात विकरं म्हणजे एंझाइम आलीच. विकर म्हणजे पेशीतला कारागीर. बहुतेकांचं काम ठरलेलं असतं, काही मात्र लवचिक असतात. आपल्या मेंदूतलं सेरीन रॅसिमेज हे विकर सेरीन या अमिनो आम्लाचं ‘डावं’ रूप ‘उजव्या’ रूपात बदलतं, आणि तेच विकर सेरीन मोडूही शकतं. मुलांना समजवायचं असेल तर दोन्ही हात आरशासमोर धरायला सांगा. सारखेच दिसतात, पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत गरिबांच्या ताटातलं अन्न अभ्यासलं. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे पदार्थ कच्च्या कडधान्यांत असतात, त्यावर त्यांनी संशोधन केलं. नीट शिजवलं की हे पदार्थ बरेचसे निकामी होतात. म्हणजे शाळेच्या खिचडीतली डाळ, मटकी चांगली शिजायलाच हवी! नीरेच्या पोषणमूल्यांवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

पालकहो, कमलाबाईंच्या घरात शिकलेले वडील होते, तरी दार बंदच मिळालं. आपल्या लेकींपुढे तर आधी घरचंच दार असतं. ते तरी आपण बंद करायला नको. यंदा फॉर्म भरण्याआधी एकदा तिलाच विचारा, तुला काय शिकायचंय?