मिठाच्या पाण्याचे कोडे उलगडणारे अऱ्हेनिअस

मिठाचा खडा पाण्यात टाकला की दिसेनासा होतो, हे आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. पण त्या मिठाचे पाण्यात नेमके होते काय? शाळेतील मुले आज ते एका ओळीत लिहितात:

सोडिअम क्लोराइड → सोडिअम आयन (+) + क्लोराइड आयन (−)

ही ओळ आपल्या हाती देणारे शास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचे स्वांते अऱ्हेनिअस होत. हिच्यापायी त्यांचे सारे भवितव्य पणाला लागले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

अऱ्हेनिअस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळ झाला. वडील जमीन मोजणीचे काम करीत. उप्साला विद्यापीठात मनासारखे मार्गदर्शन मिळेना, म्हणून १८८१ साली ते स्टॉकहोमला प्रा. एडलुंड यांच्याकडे गेले आणि क्षारांच्या अतिविरल द्रावणांतून वीज कितपत वाहते हे मोजू लागले.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, कोरड्या मिठातूनही नाही; दोन्ही एकत्र आली की वाहते. साखरेच्या पाण्यातून मात्र वाहत नाही. 'आयन' हा शब्द फॅरडे यांनी १८३४ सालीच रूढ केला होता, परंतु वीज सोडल्यावरच आयन तयार होतात अशी समजूत होती. अऱ्हेनिअस यांना दिसले ते वेगळेच. वीज सोडा वा न सोडा, पाण्यात क्षाराचे विचरण आधीच झालेले असते.

या विचाराचे बीज असलेला प्रबंध त्यांनी १८८४ साली सादर केला. त्याला चौथी श्रेणी मिळाली! एवढ्या श्रेणीवर विद्यापीठात अध्यापक होण्याची आशा नव्हती. रसायनज्ञांचा आक्षेप साधा होता: सोडिअम धातू पाण्याशी जोराने पेटतो, क्लोरीन हा विषारी वायू, मग हे दोन्ही मिठाच्या पाण्यात सुटे राहतील कसे? आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. चौकस विद्यार्थी आजही हेच विचारतो, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. उत्तर त्या धन व ऋण चिन्हांत आहे. विद्युतभार असलेला सोडिअम आयन आणि सोडिअमचा अणू यांचे गुणधर्म अगदी भिन्न असतात. म्हणून समीकरणात ही चिन्हे गाळणे म्हणजे वेगळाच पदार्थ लिहिणे होय. कॅल्शिअम क्लोराइड विरघळले तर दोन धनभारांचा एक कॅल्शिअम आयन व एकेक ऋणभाराचे दोन क्लोराइड आयन मिळतात. भारांची बेरीज शून्यच आली पाहिजे.

प्रबंधाची प्रत रिगा येथील ओस्टवाल्ड यांच्याकडे गेली. ते स्वतः उप्सालाला आले, नोकरी देऊ केली, आणि मग स्वदेशीयांचे डोळे उघडले. पुढे व्हांट हॉफ यांचे संशोधनही मदतीला आले. साखरेच्या तितक्याच रेणूंपेक्षा मीठ विरल द्रावणाचा गोठणबिंदू जवळजवळ दुपटीने खाली आणते, कारण एका जोडीचे दोन कण होतात. १८८७ साली अऱ्हेनिअस यांनी विचरणाचा सिद्धांत पूर्ण रूपात मांडला.

यातून अनेक कोडी सुटली. अल्कली हा शब्द मूळ अरबी 'अल्-कली', म्हणजे वनस्पतीची राख, यावरून आला आहे. तीव्र आम्ल कोणतेही घ्या, तीव्र अल्कली कोणतीही घ्या, विरल द्रावणात तयार होणाऱ्या दर मोल पाण्यामागे उष्णता सुमारे ५७ किलोज्यूलच! कारण खरी क्रिया एकच:

हायड्रोजन आयन (+) + हायड्रॉक्साइड आयन (−) → पाणी

बाकीचे आयन नुसते प्रेक्षक. आपल्या प्रकाशाच्या संगमावर तापी-गोमाईच्या पाण्यातही दगडमातीतून उतरलेले कॅल्शिअम व बायकार्बोनेट आयन असतातच. पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून जे पांढरट पुट चढते, ते यांच्यापासून झालेले कॅल्शिअम कार्बोनेट. सोबत पाणी व कार्बन डायॉक्साइडही निर्माण होतात.

अऱ्हेनिअस यांचे सारेच बरोबर होते असे नाही. मिठाच्या स्फटिकात मुळातच आयन असतात, पाणी त्यांना फक्त वेगळे करते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने पुढे कळले. पण चौथ्या श्रेणीच्या त्याच विचाराला १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हवेतील कार्बन डायॉक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणितही त्यांनी १८९६ सालीच मांडले होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. दफन मात्र उप्सालातच झाले.