राधाबिनोद पाल

राधाबिनोद पाल (जन्म : २७ जानेवारी, इ.स. १८८६, मृत्यू : १० जानेवारी, इ.स. १९६७, कोलकाता) हे भारतीय कायदेतज्ज्ञ व न्यायाधीश होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील अकरा न्यायाधीशांपैकी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकमेव न्यायाधीश होत. त्या निकालावर अपिलाची सोय नसल्यामुळे त्यांचे भिन्नमत वरिष्ठ न्यायपीठापुढे कधीच तपासले गेले नाही.

पूर्वायुष्य

पाल यांचा जन्म सालिमपूर (आता बांगलादेशातील कुष्टिया जिल्हा) येथे झाला. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणिताचे शिक्षण घेऊन त्यांनी मैमनसिंग येथे गणिताचे अध्यापन केले. पुढे ते कायद्याकडे वळले. कलकत्ता विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि इ.स. १९४४ ते १९४६ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषविली.

टोकियो खटला

इ.स. १९४६ मध्ये भारताच्या वतीने त्यांची टोकियोच्या न्यायाधिकरणावर नेमणूक झाली. खटला २८ जणांवर भरला होता. निकाल २५ जणांबाबत लागला. नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताने सर्वांना दोषी ठरवून सात जणांना देहदंड दिला. पाल यांनी हजाराहून अधिक पृष्ठांचे भिन्नमतपत्र लिहिले. आक्रमक युद्ध पुकारणे हा कृत्य घडले तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार गुन्हा नव्हता आणि नेत्यांचा व्यापक कट सिद्ध झालेला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. जपानी सैन्याने अत्याचार केले, हे मात्र त्यांनी नाकारले नाही. त्यांची जबाबदारी या आरोपींवर पुराव्याने येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हे मतपत्र न्यायालयात वाचले गेले नाही.

अपिलाचा प्रश्न

न्यायाधिकरणाच्या सनदेनुसार निकालाच्या फेरविचाराचा अधिकार केवळ दोस्त राष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांना होता. ते शिक्षा कमी करू शकत, वाढवू शकत नसत. ही सनद त्यांनीच जारी केली होती आणि न्यायाधीशांच्या नेमणुकाही त्यांनीच केल्या होत्या. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी सर्व शिक्षा कायम केल्या. काही आरोपींनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. परंतु हे न्यायाधिकरण अमेरिकेचे न्यायालय नसल्याने आपणास अधिकार नाही, असे सांगून त्या न्यायालयाने २० डिसेंबर रोजी अर्ज फेटाळले. तीन दिवसांनी सातही जणांना फाशी देण्यात आली.

दोषी ठरलेल्यास वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क इ.स. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात नमूद झाला. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात (इ.स. १९९३) स्वतंत्र अपील पीठ आले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या इ.स. १९९८ च्या रोम संविधीनुसार कार्यपद्धती, वस्तुस्थिती किंवा कायदा यांतील चुकीवरून आरोपी व अभियोक्ता दोघेही अपील करू शकतात.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

पाल इ.स. १९५२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते व दोनदा त्याचे अध्यक्ष झाले. इ.स. १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. जपानमधील काही राष्ट्रवादी गटांनी त्यांच्या मताचा उपयोग जपानच्या समर्थनासाठी केला, इ.स. २००५ मध्ये यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचे स्मारक उभारले गेले. आरोपींची निर्दोषता म्हणजे जपानच्या युद्धनीतीचे समर्थन नव्हे, हा त्यांच्या मतपत्रातील भेद अशा वापरात अनेकदा दुर्लक्षिला जातो.