जॉर्ज वोस्टनहोम

जॉर्ज वोस्टनहोम (मृत्यू: १८७६) हे इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील एकोणिसाव्या शतकाचे नामांकित चाकू-उत्पादक होते. ‘आय*एक्सएल’ ही मुद्रा असलेले त्यांच्या कारखान्यातील जॅक-नाइफ व बोवी चाकू अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकले गेले. जुन्या चाकूंच्या संग्राहकांमध्ये या मुद्रेला आजही मान आहे.

== घराणे आणि मुद्रा ==
वोस्टनहोम हे चाकू बनवणाऱ्या घराण्यातील याच नावाचे तिसरे पुरुष होते. मूळचे ‘वोल्स्टेनहोम’ हे लांब आडनाव पात्यावर मावेना, म्हणून त्यातील काही अक्षरे गाळली गेली, असे सांगितले जाते. ‘आय*एक्सएल’ ही मुद्रा घराण्याने दुसऱ्या कारागिराच्या नावावरून मिळवली होती. या अक्षरांचा इंग्रजी उच्चार ‘मी सरस आहे’ या अर्थाच्या वाक्यासारखा होतो.

== अमेरिकेतील व्यापार ==
वोस्टनहोम यांनी आपले लक्ष प्रामुख्याने अमेरिकी बाजारपेठेवर केंद्रित केले. मागणी मिळवण्यासाठी त्यांनी अनेकदा अटलांटिक महासागर ओलांडला. १८४८ मध्ये त्यांनी शेफील्डच्या वेलिंग्टन स्ट्रीटवरील कारखाना घेतला व त्याला ‘वॉशिंग्टन वर्क्स’ हे नाव दिले. १८५६ मध्ये ते शेफील्डच्या चाकू-कारागिरांच्या संघाचे प्रमुख, म्हणजे ‘मास्टर कटलर’, झाले. शहराच्या नैर्ऋत्येस त्यांनी केनवूड ही वसाहत वसवली. तिच्या बागेची आखणी रॉबर्ट मारनॉक यांनी केली.

== कारागीर ==
जॅक-नाइफमध्ये पाती मुठीच्या एकाच टोकाला खिळलेली असतात व पाठीकडील पोलादी कमान त्यांना उघड्या आणि मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवते. पाते घडवणे, त्याला धार लावणे आणि सुटे भाग जुळवणे ही कामे शेफील्डमध्ये वेगवेगळे कारागीर करीत. मुठीला सांबरशिंग, हाड, हस्तिदंत किंवा शिंपला लावला जाई. धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची व धातूची धूळ जाऊन अनेकांचा अकाली मृत्यू होत असे. पात्यावर मात्र या कारागिरांपैकी कोणाचेही नाव नसे. तेथे मालकाची मुद्रा असे.

== मृत्यू आणि वारसा ==
वोस्टनहोम यांनी तीन विवाह केले, परंतु त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या निधनानंतरही कारखाना त्यांच्याच नावाने चालू राहिला. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेने आयात मालावरील कर वाढवला आणि शेफील्डच्या या व्यापाराला मोठा फटका बसला. त्याच कायद्याने आयात वस्तूवर मूळ देशाचे नाव असणे सक्तीचे केले. त्यामुळे अमेरिकेत विकल्या गेलेल्या चाकूच्या पात्याच्या बुंध्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द नसल्यास तो बहुधा त्यापूर्वीचा असावा, असा अंदाज संग्राहक बांधतात. पाते वारंवार घासून झिजले आहे का, कमानीचा ताण टिकून आहे का आणि मूठ मूळचीच आहे का, हेही ते तपासतात.

१९७१ मध्ये ही कंपनी शेफील्डच्याच जोसेफ रॉजर्स या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेली. वॉशिंग्टन वर्क्सची इमारत पुढे पाडण्यात आली. वारसदार नसलेल्या वोस्टनहोम यांचे नाव आणि अनाम कारागिरांचे काम आज त्या चाकूंवर एकत्रच टिकून आहे.