कै. डॉ. आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें माहेर आपल्या शेजारच्या कल्याणचें. १८६५ सालीं जन्म, नवव्या वर्षीं विवाह, चौदाव्या वर्षीं मातृत्व! योग्य उपचारांअभावीं तें बालक दहा दिवसांतच निवर्तलें. तेव्हां त्या शोकाकुल मातेनें स्त्रियांसाठीं डॉक्टर होण्याचा निर्धार केला. पति गोपाळराव यांच्या प्रेरणेनें त्या १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या. प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून त्यांनीं मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियास पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूकहि झाली. परंतु रुजू होण्यापूर्वींच, ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला.

आज सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतीची तपासणी व बाळाचें लसीकरण विनामूल्य होतें. भगिनींनो, त्या दहा दिवसांच्या बाळाचें स्मरण ठेवून ती तपासणी कधींहि चुकवूं नका.